व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी आणि डेटा व्हिज्युअलायझेशनमध्ये पीएच.डी.: विषय काय, संधी कुठे, पैशांचे काय?

दौंड तालुक्यातील राहू हे भीमा आणि मुळा-मुठा नद्यांच्या पट्ट्यातले गाव. आजूबाजूला ऊस, गुऱ्हाळे आणि उसाच्या आडोशाने वावरणारा बिबट्या. अशा गावाबद्दलची माहिती आज पूर्वी कधी नव्हती इतक्या प्रमाणात गोळा होते. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह साधारण दर पाच दिवसांनी इथल्या शेतांवरून जातात. हवामान केंद्रे पावसाचा आकडा नोंदवतात. शेजारच्या बारामती तालुक्यात अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसाच्या शेतात सेन्सर, उपग्रह आणि कृत्रिम बुद्धिमत्ता एकत्र वापरण्याचा प्रकल्प राबवला आहे.

पण आकड्यांच्या रकान्यांकडे पाहून उद्या पाणी द्यायचे की नाही, हे कुणाला ठरवता येत नाही. आकडे डोळ्यांना कळतील अशा रूपात मांडावे लागतात. ते रूप कसे असावे, सपाट नकाशा बरा की चहूबाजूंनी वेढणारे त्रिमितीय दृश्य, आणि ते पाहून माणूस खरोखर बरोबर निर्णय घेतो का, हा संशोधनाचा विषय आहे. त्यात पीएच.डी. करता येते, देशात आणि परदेशातही.

अडचण वेगळीच असते. इंजिनिअर झालेल्या मुलाने किंवा मुलीने 'अजून पाच वर्षे शिकणार' म्हटले, की घरातून पहिला प्रश्न येतो: मग कमवायचे कधी? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी या क्षेत्रात काम काय असते, प्रवेश कसा मिळतो आणि पैसे कोण देते, हे तिन्ही नीट माहीत असावे लागते.

थोडक्यात

• विषय: माहितीला दृश्यरूप देणे (डेटा व्हिज्युअलायझेशन) आणि ती माहिती हेडसेटमधील आभासी जगात पाहणे (इमर्सिव्ह व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी) यांचा संगम.
• कोणत्या शाखेतून: संगणकशास्त्र, डिझाइन, मानसशास्त्र, शैक्षणिक तंत्रज्ञान, भूगोल, खगोलशास्त्र.
• कालावधी: यूजीसीच्या नियमांनुसार किमान ३ आणि कमाल ६ वर्षे; प्रत्यक्षात ४ ते ५ वर्षे धरून चालावे.
• पैसे: चांगल्या संस्थेत पूर्णवेळ पीएच.डी. करणाऱ्याला दरमहा विद्यावेतन मिळते.
• सर्वांत महत्त्वाचे: हेडसेट हे साधन आहे. पीएच.डी. मिळते ती प्रश्नाला.

आधी दोन शब्दांचा अर्थ

व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणजे आभासी वास्तव. हेडसेट दोन्ही डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रे दाखवतो आणि मेंदू त्यातून खोलीचा अंदाज बांधतो. मान वळवली की दृश्यही त्याच क्षणी वळते, त्यामुळे आपण त्या जागी आहोत असे वाटू लागते. 'इमर्सिव्ह' या शब्दाचा अर्थ एवढाच: पाहणाऱ्याला सर्व बाजूंनी वेढून घेणारे.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकी संशोधक आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर लावायचा पहिला त्रिमितीय डिस्प्ले दाखवला. तो इतका जड होता की छतापासून टांगावा लागे. १९९२ मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात 'केव्ह' नावाची खोली तयार झाली. तिच्या भिंतींवर आणि जमिनीवर त्रिमितीय चित्रे पडत आणि माणूस त्यांच्या आत उभा राही. ती घडवणाऱ्यांपैकी कॅरोलिना क्रूझ-नेरा तेव्हा पीएच.डी.च्या विद्यार्थिनी होत्या. पुढे जगभरच्या प्रयोगशाळांनी अशा खोल्या उभारल्या.

डेटा व्हिज्युअलायझेशन म्हणजे आकड्यांना आलेख, नकाशा, रंग, आकार यांचे रूप देणे. निवडणूक निकालाचा रंगीत नकाशा किंवा पावसाचा स्तंभालेख हे त्याचेच रोजचे नमुने. या दोन्हींच्या संगमाला 'इमर्सिव्ह अ‍ॅनालिटिक्स' म्हणतात. हे नाव २०१५ पासून रुळले आणि २०१८ मध्ये याच नावाचा मोठा संपादित ग्रंथ प्रसिद्ध झाला. म्हणजे क्षेत्र तरुण आहे आणि पायाभूत प्रश्नही अजून सुटायचे आहेत.

संशोधन नेमके कशावर होते?

हे समजण्यासाठी 'आजोबा' बिबट्याचे उदाहरण चांगले आहे. शिरूरला लागून असलेल्या पारनेर तालुक्यात, टाकळी ढोकेश्वर परिसरात सापडलेल्या या बिबट्याच्या गळ्यात २००९ मध्ये जीपीएस पट्टा घालून त्याला माळशेज घाटात सोडण्यात आले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि वन विभाग यांचा हा प्रकल्प होता. आजोबा सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. २०१४ मध्ये त्यावर याच नावाचा मराठी चित्रपटही आला.

संगणकाच्या दृष्टीने हा सगळा प्रवास म्हणजे तीन रकान्यांचा तक्ता: अक्षांश, रेखांश आणि वेळ. सपाट नकाशावर ठिपके जोडले की वाट दिसते, पण वेळ हरवतो. एका जागी बिबट्या दोन तास थांबला की दोन दिवस, हे कळत नाही.

स्वीडिश भूगोलतज्ज्ञ टॉर्स्टन हेगरस्ट्रँड यांनी १९७० मध्ये यावर एक युक्ती मांडली. नकाशा जमिनीवर आडवा ठेवायचा आणि वेळ उभ्या दिशेने वर मोजायचा. प्राणी थांबला की त्याची रेषा सरळ वर जाते. तो चालू लागला की रेषा कलते, आणि जितका वेगाने चालेल तितकी ती आडवी होते. याला 'अवकाश-काल घन' म्हणतात. कागदावर हा घन काढला तर रेषा एकमेकींमागे लपतात. हेडसेटमध्ये मात्र त्याच्या भोवती फिरता येते, वाकून आत डोकावता येते.

पीएच.डी.चा प्रश्न इथे सुरू होतो. 'आम्ही बिबट्याचा प्रवास व्हीआरमध्ये दाखवला' हे झाले प्रात्यक्षिक. 'महामार्गाजवळ बिबट्या सर्वांत जास्त वेळ कुठे थांबला, याचे उत्तर वनरक्षक सपाट नकाशावरून लवकर आणि बिनचूक देतात की हेडसेटमधल्या घनावरून?' हा झाला संशोधनाचा प्रश्न. त्यासाठी दोन्ही रूपे तयार करायची, सहभागींना तीच कामे द्यायची, लागलेला वेळ आणि चुका मोजायच्या, कुणाला गरगरले का ते विचारायचे, आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर निष्कर्ष काढायचा. सपाट नकाशाच बरा ठरला, तरी तो निष्कर्ष तितकाच मोलाचा असतो.

तसे ठरण्याची शक्यताही बरीच असते. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोगांतून दाखवले की माणूस एका रेषेवरील स्थान आणि लांबी यांची तुलना अचूक करतो, पण कोन, क्षेत्रफळ आणि घनफळ यांच्या अंदाजात जास्त चुकतो. म्हणूनच साध्या विक्रीच्या आकड्यांचे त्रिमितीय खांब दिसायला आकर्षक, पण वाचायला फसवे असतात. व्हीआरचा फायदा बहुधा तिथे होतो, जिथे माहितीलाच मुळात लांबी, रुंदी आणि खोली असते: शरीराचे स्कॅन, रेणूंची रचना, जमिनीखालचे खडक, वादळातले वारे.

आणखी काही प्रश्न पुढीलप्रमाणे:

• गरगरणे: डोळ्यांना हालचाल दिसते, पण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला ती जाणवत नाही, तेव्हा मळमळ होते. मान वळल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा वेळ साधारण २० मिलिसेकंदांच्या आत ठेवण्याचा प्रयत्न त्यासाठीच असतो.
• हाताळणी: माऊस आणि कीबोर्ड नसताना आलेख कसा बदलायचा? ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये अशी प्रणाली दाखवली, जिच्यात आलेखाचे अक्ष काठीसारखे हातात धरायचे आणि एकमेकांजवळ नेले की नवा आलेख तयार होतो.
• एकत्र काम: दोन शहरांतले तज्ज्ञ एकाच आभासी खोलीत एकच माहिती पाहत असतील, तर एकाने बोट कुठे दाखवले हे दुसऱ्याला कसे कळावे?
• प्रचंड माहिती: जुन्नर तालुक्यातील खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. अशा रेडिओ दुर्बिणींची निरीक्षणे आकाशातील दोन दिशा आणि वारंवारता अशा घनाच्या रूपात मांडता येतात. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे असे घन हेडसेटमध्ये पाहण्यासाठी 'आयडाव्ही' हे सॉफ्टवेअर तयार झाले आहे.

नाशिक, पुणे आणि मग नॉर्थ कॅरोलिना

या क्षेत्राच्या आसपास पीएच.डी. केलेल्या मराठी संशोधकांत रमेश रासकर यांचे नाव ठळक आहे. नाशिकमध्ये वाढलेल्या रासकर यांनी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली आणि पुढे अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात, चॅपेल हिल येथे पीएच.डी. केली. १९९८ मध्ये ते आणि त्यांचे सहकारी यांनी 'भविष्यातील कार्यालय' ही कल्पना मांडली: छतावरचे प्रोजेक्टर आणि कॅमेरे खोलीचा आकार ओळखतील आणि साध्या भिंतींनाच पडदा बनवतील.

त्यांच्या पुढच्या कामात पांढऱ्या ठोकळ्यांपासून बनवलेल्या प्रतिकृतीवर प्रोजेक्टरने असा प्रकाश टाकला जाई, की ती खऱ्या रंगांची आणि पोतांची वाटे. त्यातली एक प्रतिकृती ताजमहालाची होती. डोक्यावर काहीही न लावता आभासी दृश्य खऱ्या वस्तूवर उतरवण्याचा हा मार्ग होता. पुढे एमआयटी मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक झालेल्या रासकर यांना २०१६ मध्ये ५ लाख डॉलरचे लेमेल्सन-एमआयटी पारितोषिक मिळाले. नाशिकच्या कुंभमेळ्याच्या निमित्ताने तरुणांना स्थानिक प्रश्नांवर तंत्रज्ञान शोधायला लावणाऱ्या 'कुंभथॉन' उपक्रमामागेही तेच होते.

या वाटचालीत लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ज्या काळात सगळे हेडसेट सुधारण्यामागे होते, तेव्हा त्यांनी 'हेडसेटच नको असेल तर?' असा प्रश्न घेतला.

भारतात कुठे?

या नावाचा स्वतंत्र विभाग बहुतेक ठिकाणी नसतो. संगणकशास्त्र, डिझाइन किंवा शिक्षण विभागात शिरून त्या विषयावर काम करणारा मार्गदर्शक शोधावा लागतो.

आयआयटी मुंबई: संगणकशास्त्र विभागात ग्राफिक्स आणि व्हिजनवर काम चालते. १९६९ मध्ये स्थापन झालेले आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन मानव-संगणक संवाद आणि माहिती-रचनेकडून या विषयाकडे येते. शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या केंद्रात शिकण्या-शिकवण्यातील तंत्रज्ञानावर पीएच.डी. होते.

आयआयटीबी-मोनॅश रिसर्च अकादमी: २००८ पासून पवईच्या आवारात चालणारी ही संस्था आयआयटी मुंबई आणि मोनॅश विद्यापीठ यांची संयुक्त पीएच.डी. देते. विद्यार्थ्याला दोन्हीकडचे मार्गदर्शक मिळतात आणि काही काळ ऑस्ट्रेलियात राहून काम करता येते. इमर्सिव्ह अ‍ॅनालिटिक्स हा शब्द रुजवणाऱ्यांत मोनॅशचा गट पुढे होता. त्यामुळे महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने या अकादमीच्या प्रकल्पांची यादी दर वर्षी पाहावी. मात्र तिथे प्रवेश ठरावीक प्रकल्पांवर होतो. हव्या त्या विषयाचा प्रकल्प त्या वर्षी असेलच असे नाही.

इतर संस्था: बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत व्हिज्युअलायझेशन आणि ग्राफिक्सची प्रयोगशाळा आहे. आयआयटी मद्रासमध्ये 'एक्सटिक' हे केंद्र व्हीआर आणि स्पर्शजाणिवेच्या तंत्रज्ञानावर काम करते. हैदराबाद आणि बेंगळुरूच्या ट्रिपल आयटींमध्येही ग्राफिक्स, व्हिजन आणि व्हिज्युअलायझेशनचे गट आहेत.

पुणे: राहूपासून सर्वांत जवळचे मोठे शहर माहितीच्या बाबतीत श्रीमंत आहे. आयुका, एनसीआरए, भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था, आयसर आणि १९८८ मध्ये सुरू झालेली सी-डॅक अशा संस्था एकाच शहरात आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएमआरटीसाठी 'परम रुद्र' आणि हवामानविज्ञान संस्थेत 'अर्का' हे महासंगणक राष्ट्राला अर्पण झाले. यांतून बाहेर पडणारी माहिती कुणाला तरी समजण्याजोगी करावीच लागते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ किंवा सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठातून पीएच.डी. करणाऱ्याला अशा संस्थेतील सहमार्गदर्शक मिळाला, तर प्रश्न आणि माहिती दोन्ही खरी मिळते.

पात्रता आणि प्रवेश

यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के गुण लागतात. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट प्रवेश हवा असेल, तर ७५ टक्के गुण लागतात. आरक्षित प्रवर्ग आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ५ टक्क्यांची सवलत आहे. आधी किमान १२ क्रेडिटचे कोर्सवर्क पूर्ण करावे लागते. महिला विद्यार्थ्यांना कमाल मुदतीत २ वर्षांची सवलत आणि एकूण २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते.

जून २०२४ च्या सत्रापासून नेट परीक्षेचे गुण विद्यापीठांतील पीएच.डी. प्रवेशासाठीही धरता येतात. जेआरएफ न मिळालेल्या, पण पीएच.डी.साठी पात्र ठरलेल्या उमेदवाराच्या बाबतीत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असते. आयआयटीमध्ये मात्र स्वतःचे नियम चालतात. तिथे बहुधा गेट परीक्षेचा स्कोअर, मग लेखी चाचणी आणि मुलाखत असते. गेटमध्ये संगणकशास्त्राबरोबर २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआय हा स्वतंत्र पेपर आहे. डिझाइनकडून जाणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबई घेत असलेली सीड परीक्षा उपयोगी पडते.

नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, त्यासाठी मालकाचे ना-हरकत पत्र लागते. पूर्णपणे ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने मिळणाऱ्या पीएच.डी.ला मात्र यूजीसीची मान्यता नाही. 'घरबसल्या परदेशी पीएच.डी.' अशी जाहिरात दिसली, तर पैसे भरण्याआधी हे आठवावे.

पैशांचे काय?

घरच्यांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. पूर्णवेळ संशोधकाला मिळणारे पैसे मुख्यतः पुढील मार्गांनी येतात.

• जेआरएफ: १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये, शिवाय नियमानुसार घरभाडे भत्ता.
• पंतप्रधान संशोधन फेलोशिप: २०१८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पहिली दोन वर्षे दरमहा ७०,०००, तिसऱ्या वर्षी ७५,००० आणि चौथ्या-पाचव्या वर्षी ८०,००० रुपये, शिवाय वर्षाला २ लाखांचे संशोधन अनुदान असे दर ठरले. निवड अतिशय चुरशीची असते.
• संस्थेचे विद्यावेतन: आयआयटीसारख्या संस्था शिकवण्यात मदत करण्याच्या बदल्यात विद्यावेतन देतात.
• राज्याच्या योजना: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा आणि कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास वर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती यांच्या पीएच.डी. फेलोशिप आहेत. जागा मर्यादित असतात आणि सहसा आधी नोंदणी झालेली असावी लागते. परदेशी शिक्षणासाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, तसेच सारथीची महाराजा सयाजीराव गायकवाड शिष्यवृत्ती आहे.

दर आणि निकष बदलत राहतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरातच प्रमाण मानावी. आणखी एक सावधगिरी: फेलोशिपचे पैसे काही वेळा उशिरा जमा होतात. सुरुवातीला सहा महिन्यांचा खर्च हाताशी असेल, तर ऐनवेळी उसनवारी करावी लागत नाही. फेलोशिप नसताना केवळ नोंदणी करून पूर्णवेळ पीएच.डी. सुरू करणे, हा निर्णय कुटुंबाशी आकडे मांडून बोलूनच घ्यावा.

परदेशातील जागा

जर्मनी, स्वीडन आणि नेदरलँड्ससारख्या देशांत पीएच.डी.ची जागा बहुधा नोकरीसारखी जाहीर होते. प्राध्यापकाला प्रकल्पासाठी निधी मिळतो, त्यातून तो पगारी संशोधक नेमतो. शिक्षणशुल्क नसते किंवा नाममात्र असते, पण सहसा पदव्युत्तर पदवी आवश्यक असते. अमेरिकेत पदवीनंतर थेट अर्ज करता येतो, साधारण पाच वर्षे लागतात आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या साहाय्यकपदावर शुल्कमाफी व वेतन मिळते. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात मुदत तीन ते चार वर्षांची असते; तिथे शिष्यवृत्ती पूर्ण शुल्क भरते की काही भागच, हे बारकाईने वाचावे.

या विषयासाठी पाहण्याजोगी केंद्रे: मोनॅश विद्यापीठ, स्वीडनमधील लिंशोपिंग विद्यापीठाचा नॉरशोपिंग परिसर, जर्मनीतील स्टुटगार्ट विद्यापीठ आणि 'केव्ह'चे जन्मस्थान असलेली शिकागोची इलेक्ट्रॉनिक व्हिज्युअलायझेशन लॅबोरेटरी.

अशा जाहिरातीला सर्वांना एकच मजकूर पाठवला, तर उत्तर क्वचित येते. त्या गटाचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध वाचून, त्यातला कोणता प्रश्न अपुरा वाटतो आणि त्यावर आपण काय करू शकतो, हे एका पानात लिहिणाऱ्याचा अर्ज वेगळा उठून दिसतो.

मार्गदर्शक निवडताना काय विचारावे?

संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक जास्त महत्त्वाचा असतो, कारण पुढची पाच वर्षे रोजचा संबंध त्याच्याशी असतो. प्रवेश घेण्याआधी पुढील गोष्टी तपासाव्यात.

• गेल्या पाच वर्षांत त्यांचे निबंध कुठे आले? आयट्रिपलई व्हिज, आयट्रिपलई व्हीआर, इस्मार आणि सीएचआय या परिषदा या क्षेत्रात प्रतिष्ठेच्या मानल्या जातात. भारतात आयसीव्हीजीआयपी आणि इंडिया एचसीआय आहेत.
• त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली आणि ते आज कुठे आहेत? ही माहिती शक्य तर त्या विद्यार्थ्यांकडूनच घ्यावी.
• प्रयोगशाळेत चालू स्थितीतले हेडसेट आहेत का?
• माणसांवर प्रयोग करण्यासाठी संस्थेची नैतिकता समिती आहे का? हेडसेट डोळ्यांची आणि हातांची हालचाल टिपतो. ही माहिती व्यक्तीची ओळख पटवू शकते, म्हणून सहभागींची लेखी संमती लागते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही लक्षात ठेवावा लागतो.

पैसे घेऊन काही दिवसांत निबंध छापणारी नियतकालिके टाळायचा सल्ला देणारा मार्गदर्शक मिळाला, तर ते चांगले लक्षण समजावे.

घरी बसून सुरुवात कशी करता येते?

महागडा हेडसेट नसला तरी तयारी अडत नाही. युनिटी हे सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांना विनामूल्य मिळते. ए-फ्रेमसारख्या साधनाने ब्राउझरमध्ये उघडणारे व्हीआर दृश्य थोड्या कोडमध्ये तयार होते. २०१४ मध्ये गूगलने दाखवलेल्या पुठ्ठ्याच्या 'कार्डबोर्ड'सारख्या चौकटीत मोबाइल ठेवूनही पहिला अंदाज येतो. त्याबरोबर पायथन, थोडे रेषीय बीजगणित आणि संख्याशास्त्र पक्के हवे. मुलाखतीत बहुधा याच जागी अडखळायला होते.

राहूसारख्या गावात राहणाऱ्याला एक छोटा प्रकल्प सहज सुचू शकतो. सेंटिनेल-२ ची छायाचित्रे विनामूल्य मिळतात. त्यातून गावच्या शिवारातील उसाचा हिरवेपणा वर्षभर कसा बदलला, हे मोजता येते. त्याची दोन रूपे करावीत: एक मोबाइलवरचा साधा रंगीत नकाशा आणि दुसरा, नकाशा खाली व महिने वर असा अवकाश-काल घन. मग ओळखीच्या दहा-बारा शेतकऱ्यांना दोन्ही दाखवून एकच विचारावे: कोणत्या शेतात ऊस आधी पिवळा पडू लागला? कुणाला कशावरून कळले, किती वेळ लागला, कुठे चूक झाली, हे वहीत नोंदवावे.

कदाचित साधा नकाशाच जिंकेल. बुजुर्ग शेतकरी दोन्ही बाजूला सारून 'बांधावर चला, दाखवतो' म्हणेल, हेही शक्य आहे. तीसुद्धा नोंद करण्यासारखी गोष्ट आहे, कारण जाणकार माणूस चित्रात नसलेले असे काय पाहतो, हा या क्षेत्रातला खरा प्रश्न आहे. एवढ्या नोंदींवर दोन पानांचा प्रस्ताव लिहिता येतो. तो कोणत्याही मुलाखतीत टेबलावर ठेवता येतो आणि घरच्यांना दाखवताही येतो: पाच वर्षे नेमकी कशासाठी हवी आहेत, ते त्यात लिहिलेले असते.